पोट दुखतंय पण खडा नाही: लेप्टो पोटावर येतो तेव्हा

दादाचं पोट दुखायला लागलं तेव्हा पहिला संशय वडापाववर गेला.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, राहायला कळव्याला, कामाला वाशीच्या एपीएमसीत एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाला. जुलैचे दिवस होते, आधी अंगात कणकण, मग थंडी वाजून ताप, आणि दुसऱ्या दिवसापासून पोट. वरचं पोट, उजवीकडे बरगडीच्या खाली, आणि सोबत उलट्या. वहिनीनं ओवा दिला, सोडा दिला, फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची आणि तापाची गोळी दिली, पावसाळ्यात पहिल्या दिवशी कुणीही डॉक्टर तेच देईल, त्यात त्यांची चूक मी तरी धरत नाही. चौथ्या दिवशी त्याला कुशीवर वळता येईना तेव्हा ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं. सोनोग्राफी झाली, पित्ताशयाची भिंत जाड झालेली, बाजूला थोडं पाणी जमलेलं, वरून दाबलं की कळ. सर्जन म्हणाले पित्ताशयाला सूज आहे, उद्या सकाळी घेऊ ऑपरेशनला.

खडा मात्र एकही नव्हता.

मी नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षं काम करतेय. डॉक्टर नाहीये, पण रक्ताचे रिपोर्ट रोज डोळ्याखालून जातात आणि पावसाळ्यातले रिपोर्ट कसे दिसतात ते आता अंगवळणी पडलंय. त्या रात्री वहिनीनं व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचे फोटो पाठवले, "बघ गं काही कळतंय का, उद्या कापणार म्हणतायत". प्लेटलेट ६२ हजार. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा आकडा, २.९. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, ७.८. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशींमधलं एंझाइम, ९६. पांढऱ्या पेशी १५ हजार. मी ते आकडे दोनदा वाचले आणि तिला फोन करून पहिला प्रश्न विचारला की दादा पाण्यातून चालला होता का. हा लेख त्या एका प्रश्नासाठी लिहितेय, कारण हा प्रश्न तोवर त्याला अशा साध्या शब्दांत कुणीच विचारला नव्हता आणि त्यानंही आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं.

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-घुशींच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येणाऱ्या जंतूचा आजार. हा शब्द ठाण्या-मुंबईत सगळ्यांना माहिती आहे, २६ जुलै २००५ नंतर तर घरोघरी माहिती झाला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोक कमरेएवढ्या पाण्यातून तासन्‌तास चालत घरी आले आणि त्यानंतरच्या आठवड्यांत हॉस्पिटलं तापाच्या पेशंटनी भरली, त्यात लेप्टो खूप होता. त्यामुळे आपल्या डोक्यात लेप्टो म्हणजे ताप आणि फार तर कावीळ एवढंच बसलंय. पोटदुखी म्हणून लेप्टो येऊ शकतो, तोही अगदी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेणारी पोटदुखी, हे फार लोकांना माहिती नसतं. तसं होणं कमी आहे हे आधीच सांगते, लेप्टो झालेल्या बऱ्याच लोकांना नुसता फ्लूसारखा ताप येऊन जातो आणि कळतही नाही. पण जेव्हा पोटावर येतो तेव्हा भल्याभल्यांना चकवतो.

आधी जंतू समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लेप्टोस्पायरा हा बारीक, स्प्रिंगसारखा पिळदार बॅक्टेरिया आहे आणि त्याचं टोक हुकासारखं वळलेलं असतं. १९०७ साली स्टिम्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाला तो एका मेलेल्या पेशंटच्या किडनीच्या तुकड्यात दिसला, तो पेशंट पीतज्वरानं गेला असं तेव्हा समजत होते, आणि आकार प्रश्नचिन्हासारखा दिसला म्हणून त्यानं नावातच 'प्रश्न विचारणारा' अशा अर्थाचा लॅटिन शब्द घातला, इंटेरोगन्स. आजही ते नाव तसंच आहे. त्याच्याही आधी १८८६ मध्ये जर्मनीत अ‍ॅडॉल्फ वाइल यांनी ताप, कावीळ आणि किडनीला सूज असं एकत्र असलेल्या पेशंटचं वर्णन केलं होतं, म्हणून गंभीर लेप्टोला अजून वाइल्स डिसीज म्हणतात. आणि हा जंतूच त्या आजाराचं कारण आहे हे जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी १९१५ च्या सुमारास दाखवलं.

हा जंतू उंदीर-घुशींच्या किडनीत राहतो. त्यांना स्वतःला काही होत नाही, ते धडधाकट फिरत असतात आणि लघवीतून जंतू बाहेर टाकत असतात. कुत्री, डुकरं, गाई-म्हशी यांच्यातूनही येतो, पण आपल्या शहरात मुख्य माल उंदीर आणि घुशींचाच. एपीएमसीतल्या धान्याच्या गोदामांच्या मागे जी गटारं आहेत तिथल्या घुशी ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. ऊन असेल, जमीन कोरडी असेल तर हा जंतू लवकर मरतो, पण ओल्या मातीत आणि साचलेल्या गोड्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. म्हणून पाऊस. बिळांमधलं, गटारांमधलं सगळं धुऊन पाणी रस्त्यावर येतं. वंदना सिनेमाजवळ, चिखलवाडीत, दिव्याला पाणी भरतं ते आपण दरवर्षी बघतो. नवी मुंबईतही बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, सिडकोनं त्यासाठीच धारण तलाव बांधलेत, पण मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आला की पाणी जाणार कुठे.

शरीरात शिरायला त्याला मोठी जखम लागत नाही. टाचेची भेग, चपलेनं सोललेली जागा, आणि पावसाळ्यात आपल्या अर्ध्या लोकांच्या पायाच्या बोटांमध्ये ज्या चिखल्या झालेल्या असतात ना, पांढरी पडून सुटलेली कातडी, ते तर उघडं दारच. डोळ्यात, तोंडात, नाकात पाणी उडालं तरी पुरतं. आणि बराच वेळ पाण्यात राहून मऊ पडलेल्या कातडीतूनही तो आत जाऊ शकतो.

मग लगेच काही होत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. बहुतेक वेळा ५ ते १४ दिवस लागतात, कधी दोनच दिवस, कधी महिनाभर. तोपर्यंत पाणी ओसरलेलं असतं, रस्ते वाळलेले असतात, माणूस विसरून गेलेला असतो. दादाला हॉस्पिटलात एकदा विचारलं गेलं होतं खरं, "पुराच्या पाण्यात वगैरे गेला होतात का?" आणि तो म्हणाला नाही. खोटं बोलला नाही तो, त्याच्या हिशेबी पूर म्हणजे कमरेएवढं पाणी. मी वहिनीला फोनवर विचारलं तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली, मग थांबली आणि फोन कानाला तसाच धरून त्याला म्हणाली, "अहो, त्या दिवशी लोकल बंद होत्या तेव्हा तुम्ही स्टेशनवरून चपला हातात घेऊन नाही का आलात?"

चपला हातात घेऊन. नवीन चामड्याच्या होत्या, भिजू नयेत म्हणून काढल्या आणि ठाण्याहून खाडीपुलावरून कळव्यापर्यंत आला, शेवटचा पट्टा गुडघ्याएवढ्या पाण्यातून अनवाणी. मोजलं तर ताप यायच्या अकरा दिवस आधी.

आता पोटात नक्की काय होतं ते. हा जंतू रक्तात शिरला की रक्ताबरोबर सगळीकडे फिरतो आणि सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो, मग त्या पाझरायला लागतात. आपल्याकडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये पाइप वरच्या मजल्यावर फुटलेला असतो आणि ओल उमटते तुमच्या बेडरूमच्या भिंतीवर, तसं. आजार एकच, पण ओल कुणाच्या किडनीत उमटते, कुणाच्या लिव्हरमध्ये, कुणाच्या फुफ्फुसात, आणि काही थोड्या लोकांमध्ये पित्ताशयाच्या किंवा स्वादुपिंडाच्या भिंतीत. त्यामुळे पेशंट ज्या अवयवाचं दुखणं घेऊन येतो त्याच अवयवाच्या डॉक्टरकडे जातो.

पित्ताशयाचं घ्या. लिव्हरच्या खाली लटकलेली छोटी पिशवी, पित्त साठवायची. तिला सूज येते ती बहुतेक वेळा खड्यामुळे, खडा तोंडाशी अडकतो, पित्त तुंबतं, पिशवी सुजते, आणि मग ती काढणं हा योग्यच उपाय असतो. लेप्टोत खडा नसतोच. भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजलेल्या आणि पाझरणाऱ्या, पित्त नीट वाहत नाही, त्यामुळे भिंत जाड दिसते. एरवी ही भिंत ३ मिलिमीटरच्या आत असते, दादाची ७ होती. अशा पेशंटची पित्ताशयं काढून झाल्यावर तपासली तेव्हा भिंतीत लेप्टोचे अंश सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, म्हणजे ऑपरेशन झालं आणि कारण नंतर कळलं. अपेंडिक्स समजून पोट उघडलं आणि अपेंडिक्स ठणठणीत निघालं असेही पेशंट नोंदवलेले आहेत. लेप्टोमधलं सुजलेलं पित्ताशय अँटिबायोटिक आणि सलाइनवर बहुतेकांचं आपोआप ओसरतं. आणि ६२ हजार प्लेटलेट, किडनी धापा टाकतेय, अशा माणसाला भूल देऊन कापणं किती जोखमीचं हे वेगळं सांगायला नको.

पण इथे मला एक नीट सांगायचंय, नाहीतर कुणीतरी हा लेख वाचून सर्जनशी भांडायला जाईल. खडा नसतानाही पित्ताशय सडू शकतं, फुटू शकतं, अतिदक्षता विभागातल्या पेशंटमध्ये तसं होतं आणि तेव्हा ऑपरेशन किंवा नळी टाकून पित्त काढणं हाच जीव वाचवायचा मार्ग असतो. निर्णय त्यांचाच. आपण फक्त त्यांच्या हातात माहिती द्यायची आहे, ते पाण्यातून चालल्याचं, तारखेसकट.

दुसरं स्वादुपिंड, पँक्रियाज. हे जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं आणि पचनाचे इतके जालीम रस तयार करतं की ते कुलूप लावल्यासारखे बंद अवस्थेत ठेवावे लागतात, आतड्यात पोचल्यावरच कुलूप उघडतं. पँक्रियाटायटिस म्हणजे ते कुलूप आतल्या आतच उघडतं आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. दुखणं असं की वरच्या पोटातून आरपार पाठीत जातं, माणूस पुढे वाकून बसतो. याची नेहमीची दोन कारणं म्हणजे पित्ताचे खडे आणि दारू. दादाला दारूबद्दल तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी विचारलं, तिसऱ्या वेळी वहिनी रडकुंडीला आली, कारण तो माळकरी माणूस, दारूचा थेंब नाही. पण डॉक्टरांना विचारणं भागच होतं. लेप्टोत स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा बिघडतो, त्यातून सूज येते, आणि हे गंभीर पेशंटमध्येच जास्त दिसतं.

याचं निदान करायला रक्तात अमायलेज आणि लायपेज बघतात. लॅबवाली म्हणून इथे एक बारकावा सांगते. किडनी नीट चालत नसेल तर ही दोन्ही एंझाइम रक्तात साचून थोडीफार वाढलेली दिसतात, स्वादुपिंड ठीक असलं तरी. गंभीर लेप्टोत किडनी बहुतेक वेळा बिघडते, मग नुसता अमायलेज वाढलाय म्हणून पँक्रियाटायटिसचा शिक्का मारता येत नाही. म्हणून डॉक्टर तीन गोष्टी बघतात, दुखणं त्या प्रकारचं आहे का, एंझाइम वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त आहेत का, आणि सीटी किंवा सोनोग्राफीत सूज दिसतेय का, तिन्हीतल्या दोन जुळल्या तर पँक्रियाटायटिस. दादाचा लायपेज सहापट होता आणि सीटीत सूज दिसली. म्हणजे पित्ताशय आणि स्वादुपिंड दोन्ही, एकाच वेळी, एकाच घुशीच्या कृपेनं.

यात उपचारांची कसरत होते ती घरच्यांना कळत नाही म्हणून सांगते. पँक्रियाटायटिसला भरपूर सलाइन लागतं, आणि किडनी मंदावली असेल तर तेच सलाइन फुफ्फुसात साचू शकतं. म्हणून नर्स दर तासाला लघवी मोजतात, सलाइन कधी वाढवतात कधी कमी करतात. "सकाळी सलाइन जोरात होतं आता हळू का केलं" म्हणून वॉर्डात आवाज चढवणारे नातेवाईक मी पाहिलेत. ते हिशेबानं चाललेलं असतं हो.

पोटदुखीची अजून दोन कारणं लेप्टोत असतात, त्यावर थोडक्यात. एक म्हणजे पोटाचे स्नायूच दुखतात, आतलं काही नाही. हा जंतू स्नायूंना इजा करतो, सगळ्यात जास्त पोटरीला, पण पोटाच्या आणि कंबरेच्या स्नायूंनाही, आणि हात लावला तरी माणूस कळवळतो, त्यामुळे आत काहीतरी फुटलंय असं वाटू शकतं. रक्तात सीपीके, म्हणजे स्नायूंमधलं एंझाइम, वाढलेलं दिसतं. दुसरं म्हणजे आतडी थंडावतात, पोट फुगतं, वारा सरत नाही. लेप्टोत पोटॅशियम खाली जाऊ शकतं आणि त्यानं आतड्यांची हालचाल अजून मंदावते.

आता ते आकडे मला का खटकले ते सांगते, कारण हे एकदा कळलं की लक्षात राहतं.

दादाच्या रक्ताचा दुसरा नमुना आमच्याच लॅबला आला होता. पिवळ्या बुचाची ट्यूब सेंट्रीफ्यूजमधून काढली की खाली लाल थर बसतो, मध्ये जेल आणि वर सीरम. निरोगी माणसाचं सीरम फिकट, गवती चहाच्या रंगाचं असतं. दादाची ट्यूब मी उजेडाकडे धरली तेव्हा वरचा थर गर्द पिवळा, हळद जास्त पडलेल्या वरणासारखा. बिलिरुबिन. हा रंग बघितला की पावसाळ्यात आपण म्हणतो कावीळ, म्हणजे घाणेरड्या पाण्यातून आलेली ए किंवा ई ची हिपॅटायटिस. पण त्या काविळीत लिव्हरच्या पेशी मरतात आणि मरताना आतलं एसजीपीटी रक्तात सोडतात, मग एसजीपीटी हजारात जातं, दोन हजार, तीन हजार असे रिपोर्ट मी कितीतरी टाइप केलेत. दादाचं होतं ९६. बिलिरुबिन एवढं आणि एसजीपीटी जेमतेम दुप्पट, ही जोडी जुळत नाही.

कारण लेप्टोत लिव्हरच्या पेशी तशा मरत नाहीत. लिव्हर म्हणजे विटांची भिंत समजा, विटांमधून पित्ताच्या बारीक मोऱ्या जातात. लेप्टो विटा फोडत नाही, विटांमधलं सिमेंट सैल करतो, आणि मोरीतलं पित्त गळून रक्तात येतं. म्हणून पिवळेपणा प्रचंड पण एसजीपीटी सहसा दोनशेच्या आतबाहेर. आणि त्यासोबत क्रिएटिनिन वाढलेलं, प्लेटलेट उतरलेल्या, पांढऱ्या पेशी चढलेल्या. डेंग्यूतही प्लेटलेट उतरतात आणि पित्ताशयाची भिंतही जाड दिसते, त्यामुळे हा घोटाळा दर पावसाळ्यात होतो, पण डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुतेक वेळा कमी होतात आणि इतकी कावीळ आणि क्रिएटिनिन सहसा दिसत नाही. हे सगळं शंका घ्यायला पुरेसं आहे, निदानाला नाही. कुणी घरी बसून रिपोर्टवरून स्वतःला लेप्टो ठरवू नका, आणि नाही असंही ठरवू नका.

काविळीचं म्हणून एक कळकळीनं सांगते. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की पहिलं पाऊल काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे पडतं, पथ्य सुरू होतं, आठ दिवस जातात. लेप्टोत आठ दिवसांत किडनी बंद पडू शकते, फुफ्फुसात रक्तस्राव होऊ शकतो, आणि फुफ्फुसात तसा मोठा रक्तस्राव झालेल्यांमध्ये निम्म्याहून जास्त लोक वाचत नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त लोकांना लेप्टो होतो आणि जवळपास ५९ हजार मरतात. ताप आणि कावीळ एकत्र आली तर त्या दिवशी हॉस्पिटल, दुसरा कुठलाही रस्ता नाही.

तर त्या रात्री मी वहिनीला म्हटलं आत्ताच्या आत्ता ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांग, अकरा दिवसांपूर्वी अनवाणी पाण्यातून आले होते म्हणून. तिला भीती वाटत होती की डॉक्टर रागावतील, सर्जननी सांगितलंय त्यात आपण काय बोलायचं. पण बोलली. रात्री साडेअकराला फिजिशियन राउंडला आले, तरुण होते, त्यांनी पोटाला हातच लावला नाही. आधी मोबाइलच्या टॉर्चनं डोळे बघितले. लाल होते, पण चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसते लालबुंद, पिवळ्यावर लाल. हे लेप्टोचं फार बोलकं लक्षण आहे आणि घरच्यांना वाटतं तापामुळे किंवा जागरणामुळे असेल. मग त्यांनी चादर वर करून पोटरी दाबली आणि दादा असा ओरडला की शेजारच्या कॉटवरचे आजोबा उठून बसले. डॉक्टर म्हणाले, "ताई, हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं." रात्रीच अँटिबायोटिक सुरू झालं आणि सकाळचं ऑपरेशन थांबवलं. सर्जन सकाळी आले, त्यांनीही मान्य केलं की अठ्ठेचाळीस तास बघू, पोट बिघडलं तर मी आहेच.

गंमत म्हणजे लेप्टोची टेस्ट दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली! वहिनी घाबरली, आपण चुकीचं काही करून बसलो का म्हणून. आयजीएम टेस्ट ही जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती बनायला साधारण ५ ते ७ दिवस लागतात. ताप येऊन चार-पाच दिवसच झालेले असताना निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ लेप्टो नाही असा होत नाही. पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर, म्हणजे थेट जंतूचाच अंश शोधणारी टेस्ट, जास्त उपयोगी, कारण तेव्हा जंतू रक्तातच असतो. डॉक्टरांनी टेस्टची वाट न बघता औषध चालू ठेवलं, नवव्या दिवशी परत आयजीएम केली, पॉझिटिव्ह. लेप्टोत शंकेवर औषध सुरू करणं हीच रीत आहे. औषधंही महागडी नाहीत, हलक्या आजारात डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, गंभीर असेल तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं. दादाला दोनदा डायलिसिस लागलं. डायलिसिस ऐकून मावशी देवापाशी बसली ती उठेना, तेव्हा तिला समजावावं लागलं की हे कायमचं नाही, लेप्टोतून वाचलेल्या बहुतेकांची किडनी परत सुधारते, आणि तशीच सुधारली.

घरी ताप असताना एक पथ्य पाळा, अंगदुखी फार आहे म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या पेनकिलर मेडिकलमधून आणून घेऊ नका. किडनी आधीच मार खातेय, प्लेटलेट उतरल्यात, त्यात या गोळ्या दोन्हीकडून नुकसान करतात. पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

पाण्यातून जावंच लागलं तर काय, हे सगळे विचारतात. पहिलं म्हणजे चपला-बूट काढू नका. बूट खराब होतात, होऊ देत. बुटानं पाणी अडत नाही पण काच, पत्रा, खिळा यांनी पाय कापत नाही. गमबूट असतील तर उत्तमच. घरी आल्यावर साबणानं पाय धुऊन बोटांच्या मधलं नीट कोरडं करा, चिखल्या असतील तर त्यांना पावसाळाभर औषध लावा, ते फालतू दुखणं समजून सोडू नका. आणि जखम असलेल्या पायानं पाण्यातून आला असाल किंवा बराच वेळ पाण्यात होतात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा, ते बघून डॉक्सीसायक्लिनचा डोस देतात, मोठ्या माणसांना सहसा २०० मिलिग्रॅम. मनानं घेऊ नका, गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं औषध असतं. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजल्यासारखं होतं आणि मग ती एक वेगळीच छातीदुखी घेऊन लोक येतात. गोळी घेतली म्हणजे कवच मिळालं असंही नाही, पुढचा महिनाभर ताप आला तर पाण्यातून गेलो होतो हे सांगायचंच.

घरात कुत्रा असेल तर त्याच्या वार्षिक लसीत लेप्टोचा भाग आहे का ते डॉक्टरांना विचारा, सहसा असतो, पण लोक रेबीजची देतात आणि ही चुकवतात.

पावसाळ्यात दुखणारं प्रत्येक पोट लेप्टोचं नसतं हे मला माहिती आहे. गॅस्ट्रो असतो, टायफॉइड असतो, खरंच खडे असतात, खरंच अपेंडिक्स असतं. पण ताप आधी आणि पोट नंतर, किंवा दोन्ही बरोबर, डोळे लाल, पोटऱ्या दुखतायत, लघवी गडद किंवा कमी, यातलं काही असेल तर कॅलेंडर काढून मागचा महिना बघा. कुठल्या दिवशी लोकल बंद होत्या, कुठल्या दिवशी सोसायटीच्या गेटपाशी पाणी होतं, कुणी गटार साफ करायला उतरलं होतं का, गावी भातलावणीला कोण गेलं होतं, कोकणात चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्यांना हा आजार आपल्याइतकाच होतो. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. "पुराच्या पाण्यात गेलो नाही" हे उत्तर देऊ नका, पाणी घोट्याएवढं असेल तरी घोट्याएवढं होतं म्हणून सांगा. आम्ही लॅबमध्ये पावसाळ्यात आता तापाचा नमुना घेतला की पेशंटला एवढं विचारतो आणि फॉर्मच्या कोपऱ्यात पेनानं तारीख लिहितो, "पाण्यातून: अमुक तारीख". फॉर्मवर त्याला रकाना नाहीये. डॉक्टरांचा एखादा फोन त्यावरून येतो, कुठलं पाणी, किती वेळ.

दादा सतरा दिवसांनी घरी आला, अकरा किलो उतरला होता. पहिले काही आठवडे तेलकट-तुपकट बंद, थोडं थोडं खायचं, स्वादुपिंडाला सवड द्यायची म्हणून. वहिनी त्याला मऊ भात आणि मुगाचं बिनफोडणीचं वरण द्यायची आणि तो मुकाट्यानं खायचा. सहा आठवड्यांनी परत सोनोग्राफी झाली, मी सोबत गेले होते. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, पित्ताशय सामान्य आकाराचं, भिंत २ मिलिमीटर, खडा नाही.